नाव एक, माणसं वेगळी : नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘पाटील सर’ अशी मोठ्याने हाक मारली तर कॉलेज रोडवरचा अर्धा रस्ता मागे वळून बघेल. खाली आहेत ते प्रश्न मला वाचनालयाच्या संदर्भ विभागाच्या टेबलावर वर्षभर ऐकायला मिळतात. विचारणारे बहुतेक जयंतीचं भाषण लिहिणारे विद्यार्थी, स्मरणिका काढणारी मंडळी आणि स्पर्धा परीक्षेची मुलं. अलीकडे स्थळ बघणारे आईवडीलही येतात. आधी जुन्या, सार्वजनिक जीवनातल्या माणसांचे प्रश्न घेतले आहेत. आज ज्यांच्याकडे आपण कामाला जातो त्यांचे प्रश्न त्यानंतर.

दादासाहेब म्हणजे नेमके कोणते?

नाशिकमध्ये हा प्रश्न कायम अर्धवटच असतो. इथे दादासाहेब म्हटलं की निदान तीन माणसं उभी राहतात आणि तिघांचे पेशे एकमेकांपासून लांब.

पहिले धुंडिराज गोविंद फाळके. जन्म त्र्यंबकेश्वरचा, १८७०. ‘चित्रपटसृष्टीचे जनक’ एवढं एक वाक्य लिहून विद्यार्थी मोकळे होतात, पण या माणसाची व्यावसायिक वाटचाल त्याहून कितीतरी गमतीची आहे. मुंबईत जे. जे. कलाशाळा, मग बडोद्याचं कलाभवन, गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा, पुरातत्त्व खात्यात नोकरी आणि नंतर छपाईचा व्यवसाय. या सगळ्यातून बाहेर पडून त्यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला, तेव्हा ते त्रेचाळीस वर्षांचे होते. त्यानंतर त्यांनी बिऱ्हाड आणि स्टुडिओ नाशिकला हलवला. १९४४ मध्ये ते गेले तेही इथेच. फोटो, रंग, रसायनं, ब्लॉक, छपाई हे सगळं हाताखालून गेलेलं होतं म्हणून त्यांना कॅमेऱ्याची धास्ती वाटली नाही, असं माझं मत. भाषणात चित्रपटांची यादी वाचण्यापेक्षा हे सांगा.

दुसरे कर्मवीर दादासाहेब गायकवाड, म्हणजे भाऊराव कृष्णाजी गायकवाड. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे, जन्म १९०२. बाबासाहेब आंबेडकरांचे निकटचे सहकारी. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची नाशिकमधली बाजू ज्यांनी सांभाळली त्यांत ते आघाडीवर होते. पुढे लोकसभा, मग राज्यसभा, रिपब्लिकन पक्षाचं नेतृत्व आणि भूमिहीनांसाठी केलेले सत्याग्रह. भूमिहीन अनुसूचित जाती आणि नवबौद्ध कुटुंबांना चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची राज्य शासनाची योजना आहे, ती यांच्याच नावाची. फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून चित्रपटासाठी दिला जातो. परीक्षेत ‘दादासाहेब यांच्या नावाने’ एवढंच वाचून उत्तर ठोकणाऱ्यांनी पुढचे दोन शब्द वाचायची सवय लावावी.

तिसरे दादासाहेब पोतनीस, पत्रकार, ‘गावकरी’चे संस्थापक. तरुण पिढीला हे नाव फारसं माहीत नसतं, पण सत्तरीतल्या नाशिककराला विचाराल तर कदाचित आधी हेच नाव येईल.

जिल्ह्याबाहेर गेलात तर यादी आणखी लांबते. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर हे दादासाहेब, पेशाने वकील. अमरावतीचे ग. श्री. खापर्डे हेही दादासाहेब आणि तेही वकील. आणि खरा घोटाळा होतो तो दादासाहेब तोरणे यांच्या नावाने. रामचंद्र गोपाळ तोरणे यांचा ‘पुंडलिक’ १९१२ मध्ये, म्हणजे फाळक्यांच्या आधी पडद्यावर आला होता. तेव्हा चित्रपटाच्या क्षेत्रातही दादासाहेब दोन. ‘पुंडलिक’ हे नाटकाचं चित्रीकरण होतं म्हणून पहिलेपणाचा मान फाळक्यांना, हा वाद जुना आहे. तो इथे सोडवत बसत नाही.

रिक्षात बसतानाही पूर्ण नाव सांगा. फाळके स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशी आहे आणि दादासाहेब गायकवाड सभागृह भाभानगरात.

‘कर्मवीर भाऊराव’ लिहिलं की पुरे ना?

नाही. वर सांगितलं तसं, गायकवाडांचंही मूळ नाव भाऊराव आणि त्यांनाही लोकांनी कर्मवीरच म्हटलं. राज्यभर ज्यांना ‘कर्मवीर भाऊराव’ म्हणून ओळखतात ते भाऊराव पायगोंडा पाटील, १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढणारे. शिक्षणाच्या कामात पूर्ण उतरण्याआधी ते ओगले काचकारखाना आणि किर्लोस्करांच्या मालाची विक्री करत गावोगाव हिंडत, म्हणजे आजच्या भाषेत फिरते विक्रेते. खेड्यापाड्याची ओळख त्यांना त्या फिरतीत झाली असणार.

नाशिकमध्ये गुंता आणखी वाढतो, कारण १९१४ मध्ये सुरू झालेल्या मराठा विद्या प्रसारक (मविप्र) समाजाच्या आद्य धुरीणांना सरसकट कर्मवीर म्हणतात. केटीएचएम कॉलेजचं लांबलचक नाव कधी पूर्ण वाचलंत? रावसाहेब थोरात, भाऊसाहेब हिरे, अण्णासाहेब मुरकुटे अशी तीन माणसं त्यात बसली आहेत. कला शाखा एकाची, वाणिज्य दुसऱ्याची, विज्ञान तिसऱ्याची. एवढ्या कर्मवीरांच्या गावात नुसतं ‘कर्मवीर’ लिहिणं म्हणजे पाकिटावर ‘मुक्काम पोस्ट नाशिक’ एवढंच लिहून टाकणं.

तात्या कोण? टोपे, सावरकर की शिरवाडकर?

तिन्ही. आणि तिघेही आपल्या जिल्ह्याशी जोडलेले.

तात्या टोपे म्हणजे रामचंद्र पांडुरंग, येवल्याचे. १८५७ च्या लढ्यातले सेनानी, १८५९ मध्ये शिवपुरीला फाशी गेले. घराणं पेशव्यांच्या आश्रयाचं.

तात्याराव म्हणजे विनायक दामोदर सावरकर, भगूरचे. त्यांच्या व्यावसायिक पार्श्वभूमीबद्दल एक गोष्ट हमखास चुकते. नावामागे ‘बॅरिस्टर’ सर्रास लावलं जातं. त्यांनी लंडनमध्ये ग्रेज इन या बॅरिस्टरांच्या संस्थेत कायद्याचा अभ्यास पुरा केला, परीक्षाही दिली. पण राजकीय कारवायांमुळे संस्थेने त्यांना बॅरिस्टर म्हणून प्रवेशच दिला नाही. आधी मुंबई विद्यापीठातून मिळवलेली बी.ए. पदवीही काढून घेतली गेली होती, ती १९६० मध्ये परत मिळाली. त्यामुळे ‘वकिली केली’ असं वाक्य त्यांच्या चरित्रात लिहू नये.

तात्यासाहेब म्हणजे वि. वा. शिरवाडकर, कुसुमाग्रज. जन्माचं नाव गजानन रंगनाथ, दत्तक गेल्यावर विष्णू वामन झालं. म्हणजे एकाच माणसाची चार नावं, उलट्या बाजूचा गोंधळ. कवी आणि नाटककार म्हणून १९८७ चा ज्ञानपीठ मिळाला हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरुणपणी ते नाशिकमध्येच चित्रपट कंपनीत होते आणि त्यानंतर बरीच वर्षं त्यांनी नियतकालिकांच्या कचेऱ्यांत पत्रकारी केली, हा भाग मात्र भाषणांतून गळतो.

डॉ. तात्याराव लहाने या सगळ्यात कुठे बसतात, असंही एकाने विचारलं होतं. ते नेत्रशल्यचिकित्सक, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचे माजी अधिष्ठाता. इतर तिघांना ‘तात्या’ हे घरातून किंवा लोकांकडून मिळालं. लहाने सरांचं मात्र कागदावरचं नावच तात्याराव.

कॅनडा कॉर्नरवरची वसंतराव नाईकांची संस्था मुख्यमंत्र्यांच्या नावाची का?

नाही. हा घोटाळा मी सर्वांत जास्त वेळा निस्तरतो, म्हणून जरा सविस्तर.

मुख्यमंत्री होते ते वसंतराव फुलसिंग नाईक. जन्म १ जुलै १९१३, यवतमाळ जिल्ह्यातलं गहुली. व्यवसायाने वकील, पुसदला वकिली केली, मग राजकारण. डिसेंबर १९६३ पासून फेब्रुवारी १९७५ पर्यंत मुख्यमंत्री. संकरित बियाणं आणि रोजगार हमी ही त्यांच्या काळाची ओळख. त्यांच्या जन्मदिवशी राज्यात कृषी दिन असतो आणि परभणीचं कृषी विद्यापीठ त्यांच्या नावाचं आहे.

नाशिकची शिक्षण संस्था आहे ती क्रांतिवीर वसंतराव नारायणराव नाईक यांच्या नावाची. सगळा फरक मधल्या नावात आहे आणि आपण फलकावर नेमकं तेच वाचत नाही. लोक आद्याक्षरांचं ‘के. व्ही. एन. नाईक’ म्हणतात, त्यामुळे ‘क्रांतिवीर’ही दिसेनासं होतं आणि ‘नारायणराव’ही. मग १ जुलैला कोणीतरी हौसेने या संस्थेचा फोटो टाकून कृषी दिनाच्या शुभेच्छा देतं. एका शाळेच्या हस्तलिखितात मी स्वतः पाहिलं आहे : वर क्रांतिवीरांचा फोटो आणि खाली चार ओळी हरितक्रांतीच्या. मुलीचं अक्षर सुरेख होतं, कडेला ज्वारीची कणसंही काढली होती. चूक तिची नव्हतीच, तिने इंटरनेटवर पहिलं जे आलं ते उतरवलं होतं.

आडगावचं मेडिकल कॉलेज ज्यांच्या नावाचं, ते डॉ. वसंतराव पवार आणि संगीतकार वसंत पवार एकच का?

छे. संगीतकार वसंत पवार कोल्हापूरकडचे, सतार वाजवणारे, मराठी चित्रपटातल्या लावणीला रूप देणाऱ्यांपैकी एक. १९५९ च्या ‘सांगत्ये ऐका’चं संगीत त्यांचं. डॉ. वसंतराव पवार हे नाशिकचे, वैद्यकीय व्यवसायातले, मविप्र समाजाचे सरचिटणीस आणि १९९१ मध्ये निवडून आलेले नाशिकचे खासदार. दोघांचा काळही वेगळा आणि क्षेत्रही. तरी गाण्यांच्या कार्यक्रमात निवेदकाने ‘आपल्याच नाशिकचे’ म्हणून टाळ्या घेतल्याचं ऐकलं आहे. टाळ्या पडल्या, हे विशेष.

मग बाकीचे वसंत?

थोडक्यात. वसंत कानेटकर : जन्म रहिमतपूरचा, हं. प्रा. ठा. महाविद्यालयात प्राध्यापक आणि नाटककार, आयुष्य नाशिकला गेलं. पंडित वसंतराव देशपांडे : गायक, पण पोटासाठी बरीच वर्षं लष्करी हिशेब खात्यात नोकरी. वसंतदादा पाटील : सांगलीचे, स्वातंत्र्यलढ्यातून सहकारात आणि तिथून मुख्यमंत्रिपदावर.

मे महिन्यात गोदाघाटावर भरते ती वसंत व्याख्यानमाला यांपैकी कोणाच्याच नावाची नाही. ती वसंत ऋतूची.

आणि ती जिथे भरते ते यशवंतराव पटांगण? यशवंतराव चव्हाणांचंच ना?

तेही नाही. ते यशवंतराव महाराज, देव मामलेदार.

यशवंत महादेव भोसेकर हे इंग्रजी अमलातले मामलेदार, सटाण्याला नेमणूक. दुष्काळात उपाशी लोकांसाठी त्यांनी सरकारी खजिना उघडला, आणि तपासणी झाली तेव्हा तिजोरीत रक्कम पुरी भरली, अशी आख्यायिका बागलाणात घरोघरी सांगतात. सटाण्याला त्यांचं मंदिर आहे, मार्गशीर्ष वद्य एकादशीला यात्रा भरते. नाशिकला घाटावर त्यांची समाधी, त्यावरून पटांगणाला नाव. महसूल खात्यातला एक अधिकारी देव म्हणून पुजला जातो, असं उदाहरण शोधूनही फारसं सापडणार नाही.

यशवंतराव बळवंतराव चव्हाण कराडकडचे, पेशाने वकील. त्यांचाही नाशिकशी संबंध आहे, म्हणून गोंधळ क्षम्य. १९६२ च्या चीन युद्धात ते संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले तेव्हा त्यांना लोकसभेत पाठवलं ते नाशिकने, १९६३ च्या पोटनिवडणुकीत, बिनविरोध. गंगापूर धरणाजवळचं मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये सुरू झालं ते यांच्या नावाने. म्हणजे घाटावरचे यशवंतराव मामलेदार आणि धरणाकडचे यशवंतराव चव्हाण, एवढं लक्षात ठेवलं की काम भागतं.

शेतकरी नेते शरद जोशी दूरदर्शनच्या मालिका लिहायचे, हे खरं का?

इंटरनेटवर दोघांची माहिती इतकी सरमिसळ झाली आहे की प्रश्न येणारच. माणसं दोन.

आपल्या कांदा पट्ट्याला माहीत असलेले शरद जोशी १९३५ मध्ये साताऱ्याला जन्मले. टपाल सेवेतले वरिष्ठ अधिकारी, पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघटनेत नोकरी. ती सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, स्वतः कसून पाहिली आणि शेती तोट्यात का जाते याचा हिशेब मांडला. १९८० चं कांदा आणि उसाच्या भावाचं आंदोलन नाशिक जिल्ह्यात पेटलं तेव्हा महामार्ग आणि रेल्वे दोन्ही थांबले होते. त्यांच्या शेतकरी संघटनेचं पहिलं अधिवेशन १९८२ मध्ये सटाण्याला आणि शेतकरी महिलांचं अधिवेशन १९८६ मध्ये चांदवडला भरलं. पुढे ते राज्यसभेवर गेले. २०१५ मध्ये निधन.

दुसरे शरद जोशी हिंदीतले व्यंगकार. १९३१, उज्जैन. मध्य प्रदेशात सरकारी नोकरी केली, ती सोडून लेखनावर जगले. वर्तमानपत्रातलं रोजचं सदर, चित्रपटांचे संवाद आणि १९८४ मधली दूरदर्शनची ‘ये जो है जिंदगी’ ही सगळी त्यांची कामं. १९९१ मध्ये ते गेले.

दोघांनीही सरकारी नोकरीवर पाणी सोडलं आणि दोघांची जीभ तिखट होती, तेव्हा वाक्यावरून ओळखायला जाल तर फसाल. जन्मगाव आणि साल बघा. हिंदीतल्या शरद जोशींचं एखादं बोचरं वाक्य लासलगावच्या बाजार समितीच्या फोटोवर छापून फिरत असतं, ते पुढे पाठवू नका.

विधिमंडळाच्या बातम्यांत जयंत पाटील सरकारच्या बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडे कसे?

कारण बरीच वर्षं विधिमंडळात जयंत पाटील दोन होते. जयंत राजाराम पाटील : वाळवा तालुका, स्थापत्य अभियंता, विधानसभेत, अनेक वर्षं अर्थमंत्री. जयंत प्रभाकर पाटील : अलिबाग, शेतकरी कामगार पक्ष, विधान परिषदेत. जाणते वार्ताहर ‘शेकापचे’ हा शब्द चुकवत नाहीत.

निवडणुकीत एकाच नावाचे उमेदवार मुद्दाम उभे करतात का?

हेतू सिद्ध करणं अवघड असतं, परिणाम मात्र आकड्यांत दिसतो. २०१४ मध्ये रायगडला सुनील तटकरे जेमतेम दोन हजार मतांनी हरले आणि त्यांच्याच नावाच्या अपक्षाला नऊ हजारांहून जास्त मतं पडली होती. आपल्याकडे २०२४ मध्ये दिंडोरी लोकसभेत भास्कर भगरे जिंकले खरे, पण त्यांच्याच आडनावाच्या, नावापुढे ‘सर’ लावलेल्या आणि तुतारीशी मिळतंजुळतं चिन्ह मिळालेल्या अपक्षाने लाखाच्या वर मतं घेतली. भास्कर भगरे पेशाने शिक्षक, म्हणून लोक त्यांना ‘सर’ म्हणतात. यंत्रावर मात्र ‘सर’ कोणालाही लावता येतं, त्यासाठी बी.एड. लागत नाही.

मे २०१५ पासून मतदान यंत्रावर उमेदवाराचा फोटो असतो. तो बघा. आणि व्यवसाय, शिक्षण, गुन्हे यांची खात्री करायची तर उमेदवाराने अर्जासोबत दिलेलं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतं. प्रचारपत्रकापेक्षा ते फार बोलकं असतं.

डॉक्टरांचं नाव सुचवलं गेलं, पण त्या नावाचे शहरात तिघे आहेत. योग्य डॉक्टर कसे ओळखू?

नोंदणी क्रमांकावरून. डॉक्टरांनी तो क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पावतीवर लिहिणं बंधनकारक आहे. चिठ्ठीच्या वरच्या कोपऱ्यात, पदव्यांच्या खाली, बारीक अक्षरात ‘रजि. नं.’ असतो, काही जणांचा तो सहीखालच्या रबरी शिक्क्यात असतो आणि शाई पुसट असली की वाचता येत नाही. तेव्हा सरळ विचारा, त्यात अपमान काही नाही.

तो क्रमांक कोणत्या परिषदेचा हे तितकंच महत्त्वाचं. ॲलोपॅथीची महाराष्ट्र वैद्यक परिषद वेगळी, आयुर्वेद आणि युनानीची वेगळी, होमिओपॅथीची वेगळी, दंतवैद्यांची वेगळी. एकाच नावाचे दोन डॉक्टर दोन वेगळ्या परिषदांत असू शकतात, आणि गल्ली एकच असेल तर पेशंटची अदलाबदल ठरलेली.

आपल्या म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे म्हणून काही जण तिथे जाऊन डॉक्टरांची चौकशी करतात. विद्यापीठ पदवी देतं. व्यवसायाची नोंद परिषदेत असते.

वकील, सीए, आर्किटेक्ट, एजंट यांचं काय?

तत्त्व तेच, वह्या वेगळ्या. वकिलांच्या सनदेवर महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलचा क्रमांक आणि वर्ष असतं. सनदेचं वर्ष पाहिलं की सारख्या नावाचे काका कोणते आणि पुतण्या कोणता हे लगेच कळतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात अशा जोड्या बऱ्याच. सीएचा सभासद क्रमांक सहा आकडी. शिवाय २०१९ पासून त्यांच्या प्रमाणपत्रावर अठरा अक्षर-अंकांचा यूडीआयएन असतो, तो संकेतस्थळावर टाकला की प्रमाणपत्र खरं की खोटं ते समोर येतं. आर्किटेक्टची नोंद वास्तुविशारद परिषदेत. फ्लॅट दाखवणाऱ्या एजंटाकडे महारेराचा क्रमांक हवा, नसेल तर चहा पिऊन उठा. कंपनीच्या संचालकाला आयुष्यभरासाठी एकच आठ आकडी डीआयएन मिळतो, त्यामुळे ‘तोच का तो’ हा प्रश्न तिथे उरतच नाही.

सुतार, गवंडी, वायरमन, मोटर रिवाइंडिंगवाले यांच्यासाठी अशी वही नाही. तिथे गाव, गल्ली आणि आधीचं काम, याच खुणा. वायरमनकडे परवाना असतो, तो मात्र मागावा.

मुलीसाठी स्थळ आलंय. मुलाच्या नावावर कोर्टात केस दिसते. काय करू?

आधी शांत व्हा. न्यायालयांच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधलं की त्या नावाचे जिल्ह्यातले सगळे जण निघतात. सुनील जाधव किंवा संजय पाटील असं नाव असेल तर यादी संपता संपत नाही. वडिलांचं नाव, वय, गाव हे तिन्ही जुळल्याशिवाय ती केस त्या मुलाची समजू नका. तिन्ही जुळले तरी केस कसली ते वाचा. जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात घरातल्या पाळण्यातल्या बाळाचंही नाव असतं. आणि मग मुलाकडच्यांना थेट विचारा. मध्यस्थाच्या तोंडून विचारलंत तर तिखटमीठ लागून पोचेल.

माझ्या नावावर दुसऱ्याचं कर्ज दिसतंय!

पॅन, जन्मतारीख आणि पत्ता कुठेतरी चुकून जोडला गेला असेल. कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा, पैसे लागत नाहीत. तीस दिवसांत निकाल लावायचा असतो. त्यापुढे उशीर झाला तर रोजचे शंभर रुपये भरपाई द्यायचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. एका कर्ज कार्यालयात मला स्वतःला ‘तुम्हीच ते’ असं ठासून सांगितलं गेलं होतं, कारण नाव आणि आडनाव जुळत होतं. वडिलांच्या नावाचा रकाना त्यांनी रिकामा सोडला होता. लेखी तक्रार द्या, पोच घ्या, तोंडी वाद घालू नका.

सातबाऱ्यावर माझ्याच नावाचा दुसरा माणूस आहे. जमीन गेली का?

तशी जात नाही. पूर्ण नाव, खाते क्रमांक आणि गट क्रमांक बघा, मग ज्या फेरफाराने ते नाव लागलं त्याची नक्कल काढा. फेरफारात नाव कशाने आलं, वारसाने, खरेदीने की वाटणीने, ते लिहिलेलं असतं. पुढचं तलाठी कार्यालयात. भावकीत आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे ‘निवृत्ती’ नावाची तीन माणसं एकाच गटात सापडणं मुळीच दुर्मीळ नाही.

मधलं नाव लिहायलाच हवं का? फॅशन म्हणून मी काढून टाकलंय.

व्हॉट्सॲपवर नका लिहू. पदवी, सनद, करार, पाटी, छापील पत्रिका यांवर लिहा. राज्यात १ मे २०१४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आता आला आहे. आईला कागदावर जागा मिळाली हे चांगलंच झालं, आणि वर सारख्या नावांचा गुंता कमी होईल हा फायदा. नाव आणि वडिलांचं नाव जुळणारी माणसं निघतात. त्यात आईचंही नाव जुळणारी फार थोडी असतील.

माझ्याच नावाचे, माझ्याच व्यवसायाचे दुसरे गृहस्थ शहरात आहेत. पाटीवर काय लिहू?

पूर्ण नाव, नोंदणी क्रमांक आणि भाग. ‘इंदिरानगरवाले’, ‘पंचवटीवाले’ असं लोक तसंही म्हणणारच, ते तुम्हीच आधी लिहा. शक्य असेल तर त्या गृहस्थांना एकदा भेटून फोन नंबर घेऊन ठेवा. चुकून आलेला अशील किंवा पेशंट नीट पाठवता येतो आणि चुकून आलेली नोटीसही.

आमच्या स्मरणिकेत चुकीच्या माणसाची माहिती छापली गेली. प्रती वाटून झाल्यात. आता?

उरलेल्या प्रतींत शुद्धिपत्राची चिठ्ठी चिकटवा आणि ज्या वाचनालयांना प्रत दिली तिथे ती चिठ्ठी घेऊन स्वतः जा. वाटलेल्या प्रती घरोघरी रद्दीत जातील. वाचनालयातली प्रत राहते, आणि वीस वर्षांनी कोणीतरी तीच उघडून भाषण लिहितं.